अर्ध्या मिनिटाचे साठ

चेन दुरुस्त करायला अर्धंच मिनिट लागतं, हे चेनताईच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख होतं.

बॅगेची चेन बिघडली की माणूस ती तीनदा ओढतो, चौथ्यांदा शिव्या घालतो आणि पाचव्यांदा बॅगच टाकून द्यायला निघतो. पण बऱ्याचदा चेनीचे दात ठणठणीत असतात. सैल झालेला असतो तो रनर, म्हणजे चेनीवरून पुढे-मागे पळणारा धातूचा तुकडा. पकडीनं त्याला एकदा डावीकडून दाबायचं, एकदा उजवीकडून. संपलं. सगळी मेख आहे ती किती दाबायचं यात. कमी दाबला तर रनर दात धरत नाही, जास्त दाबला तर जागचा हलत नाही, आणि या दोन्हींच्या मधली केसभर जागा बोटांना कळायला चेनताईला साडेतीन वर्षं लागली होती.

गंमत अशी, की त्या साडेतीन वर्षांत पैशांवरून कुणी तिच्याशी हुज्जत घातली नाही. एकेका चेनीशी ती पाऊण तास झटापट करायची, दोन रनर मोडायची, अंगठ्यातून रक्त काढायची. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक हळहळायचं, पोर किती राबते म्हणायचं, आणि साठ मागितले तर सत्तर ठेवून जायचं. मग हात बसला. काम अर्ध्या मिनिटावर आलं आणि त्याच गिऱ्हाइकांच्या कपाळावर आठ्या आल्या. एक शाळामास्तरीण तर दुरुस्त झालेली पर्स उलटसुलट करत म्हणाली, "यात तू केलंस काय? नुसतं दाबलंस." साठांऐवजी वीस टेकवले आणि जाता जाता सल्ला दिला, की पोरी, तरुण आहेस, हाताला जरा कष्टाची सवय लाव.

त्या संध्याकाळी चेनताईनं पडदा विकत घेतला.

तिची जागा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा मागचा कोपरा. एक टेबल, एक शिलाई मशीन, दोन स्टुलं. त्याच्यापुढे पडदा लागला. गिऱ्हाईक आलं की ती बॅग हातात घेऊन च्च करायची, "बघते हं, आत्ताच काही सांगता येत नाही," असं एखाद्या सर्जनसारखं म्हणायची आणि आत जायची. अर्ध्या मिनिटात काम उरकायचं. उरलेली वीस मिनिटं पेपर वाचायचा. अधूनमधून रिकाम्या लोखंडी ठोकळ्यावर हातोडी मारायची. शब्दकोडं अडलं की सुस्कारा टाकायची, आणि तो बाहेर बरोबर जागी पोचायचा. शेवटी केस थोडे विस्कटून ती बाहेर यायची. लोक साठ द्यायचे, वर 'फार त्रास दिला तुम्हाला' म्हणायचे. पेपर वाचण्याचा एवढा मोबदला गावात दुसऱ्या कुणाला मिळत नसावा.

याच काळात तिनं धंदा कसा करावा याचा एक वर्गही केला. दर, ध्येय आणि दान, असे तीन दिवस. पैसे मागायला लाजू नका, हे शिकवण्याचे सरांनी इतके पैसे आगाऊ घेतले होते, की पहिल्या दिवसाचा धडा प्रवेश घेतानाच शिकून झाला. ध्येय भिंतीवर लिहा, सर म्हणाले. भिंत झेरॉक्सवाल्याची होती, म्हणून चेनताईनं ते पडद्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं. एक, जिन्याखालचा गाळा. दोन, दर दहावं काम फुकट, ज्याला परवडत नाही त्याला.

गाळा कोपऱ्यावरच्या इमारतीत होता. जिन्याखाली असल्यामुळे आत गेल्यावर मान वाकवावी लागायची, पण शटर स्वतःचं आणि तोंड रस्त्याकडे. मालकानं महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर अनामत आली नाही तर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जिभल्या चाटत बसलाच होता.

दुसरं ध्येय सोपं दिसत होतं, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथंच. ज्यांना परवडत नव्हतं ते फुकट मागायला येतच नव्हते. येत होते ते दुकानासमोर गाडी आडवी लावून. एकदा बँकेच्या दारावरचा रखवालदार जाकिटाची चेन घेऊन आला. चेनताईला वाटलं, सापडला आपला दहावा. चेन करून दिली आणि मोठ्या मनानं म्हणाली, राहू द्या काका पैसे. रखवालदाराचा चेहरा असा झाला, जणू तिनं त्याला दारातून हुसकावलं. साठ टेबलावर ठेवत तो म्हणाला, "फुकट नेलं आणि पुन्हा बिघडलं, तर मी कोणत्या तोंडानं येऊ?"

सरांनी दिलेली वही तिनं दोनदा चाळली. याचं उत्तर त्यात नव्हतं.

घरात मात्र दानाचा कारभार जोरात चालू होता. तो बाबांकडे होता. बाबांनी तेहेतीस वर्षं पाणी खात्याच्या चौकशीच्या खिडकीत काढली. एवढ्या काळात 'उद्या या' याखेरीज ते फारसं काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. गल्ली त्यांना चौकशीकाका म्हणते. निवृत्त झाले आणि पापक्षालनाला लागले. आता कुणाचंही, काहीही, आजच्या आज आणि फुकट. फक्त करायचं मुलीनं. बागेतल्या बाकावर कुणाची पिशवी उघडी दिसली, की हे म्हणणार, अहो, माझी मुलगी आहे ना, पैसे कसले घेऊन बसलात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात हे ठाऊक होतं, पण हलवाई पोटची पोर असली म्हणजे अख्खी बागच उपटायची, हे बाबांनी दाखवून दिलं. आई म्हणायची, आधी गावाला हेलपाटे घालायला लावले, आता पोरीला लावताहेत. दुवा बाबांना मिळायचा, बॅगा चेनताईला.

तर गाळ्याच्या मुदतीचा शुक्रवार पाच दिवसांवर आला आणि रविवारी सकाळी तंबूवाला उगवला. डोंगरात सहली नेण्याचा त्याचा धंदा. चाळीस तंबू, प्रत्येकाला दोन दारं, धूळमातीनं सगळ्या चेनी अडलेल्या. दर ठरला. किती दिवस लागतील, त्यानं विचारलं. चेनताईनं सवयीप्रमाणे च्च केलं, सुस्कारा टाकला आणि आठ दिवस म्हणून मोकळी झाली. प्रत्यक्षात दात न् दात घासून काढायचा म्हटलं तरी काम चार दिवसांचं होतं. तो म्हणाला, गुरुवारी हवेत म्हणजे हवेत. मग तिनं आणखी मोठा सुस्कारा टाकून होकार दिला. हे पैसे आणि साठवलेले मिळून अनामत बरोबर भरत होती. एक नाणं इकडे की तिकडे नाही.

त्याच दुपारी जेवताना बाबा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे दिसत होते. वाचनालयात त्यांना अध्यक्षबाई भेटल्या होत्या. कशाच्या अध्यक्ष हे कुणी विचारत नसे. गावात जिथं खुर्ची मांडलेली असेल तिथल्या त्या अध्यक्ष. त्यांची संस्था जुनी दप्तरं गोळा करून गरीब मुलांना बुधवारी संध्याकाळी वाटणार होती. सत्तर दप्तरं होती, चेनी तेवढ्या बिघडल्या होत्या. बाबांनी शब्द दिला होता. बदल्यात बाबांना मंचावर खुर्ची आणि बॅनरवर नाव.

चेनताईनं घास खाली ठेवला. "किती म्हणालात?"

"सत्तर. अगं, पण दप्तरंच आहेत. तुझ्या तंबूंसारखी अवजड नाहीत."

"आणि मला कधी विचारणार होतात?"

"हे काय, विचारतोयच की."

"विचारत नाहीयेत," आई म्हणाली. "निकाल वाचून दाखवताहेत."

चेनताईनं समजावून सांगितलं. गुरुवारी तंबू नाहीत तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर शुक्रवारी गाळा नाही. बाबा म्हणाले ते सगळं खरं, पण चारचौघांत शब्द गेलाय. शब्द तुमचा आणि बोटं माझी का, तिनं विचारलं. तेव्हा बाबांनी इतके दिवस राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला. मध्यंतरी डबा द्यायला ते दुकानाच्या मागच्या दारानं गेले होते आणि जे पाहायचं ते पाहून आले होते.

"सत्तर चेनी, अर्धं अर्धं मिनिट," ते शांतपणे म्हणाले. "पस्तीस मिनिटं झाली. तेवढा वेळ तर तू आत पेपर वाचतेस."

आईचा वाढता हात हवेतच राहिला. लबाडीचं हेच वाईट, बाहेरच्यांपुढे ती कामाला येते आणि घरच्यांपुढे उलटते. चेनताई तडकली. म्हणाली, मग तुम्हीच बसा ना, पस्तीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.

"बसतो," बाबा म्हणाले. तेहेतीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला बसण्याची भीती काय घालायची.

सोमवारी दप्तरं आली. लोकांनी दान केलं होतं, म्हणजे माळा साफ केला होता. एका दप्तरात एकच मोजा होता. एकात आठ घड्या घातलेली भूमितीची उत्तरपत्रिका, शंभरात चार. सैल रनरची म्हणावी अशी दप्तरं पंधराही नव्हती. बाकीच्यांचे दातच गळलेले; तिथं जुनी चेन उसवून नवी शिवायची, एकेकीला पाऊण तास. पण हे बाबांना कळायला दुपार झाली. सकाळ पहिल्या रनरमध्ये गेली.

तंबूंनी कोपरा छतापर्यंत भरून टाकला. पडदा ओढायला जागा उरली नाही, म्हणून तो काढून गुंडाळून ठेवावा लागला. बापलेक दोघं उघड्यावर आली. ती तंबूच्या ढिगात मांडी घालून, ते स्टुलावर पकड घेऊन.

पहिला रनर बाबांनी इतका दाबला की तो चेनीला चावूनच बसला. दुसरा तुटला. तिसरा उडून झेरॉक्सवाल्याच्या काचेवर आपटला. चौथा जमला, तो त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवला, ज्यात ओळखपत्राची प्रत काढायला आलेला एक अनोळखी पोस्टमनही होता. त्या आनंदात असताना एका बाईनं विचारलं, माझी पर्स होईल का, तर बाबांच्या तोंडून जुन्या वळणानं "उद्या या" निघून गेलं. संध्याकाळपर्यंत पाच दप्तरं झाली.

आणि मग चेनताईला एक विलक्षण देखावा दिसायला लागला. लोक बाबांवर फिदा झाले. कुणी पाणी आणून दिलं. कुणी म्हणालं, या वयात काय ही चिकाटी. एका काकूंच्या बॅगेशी बाबा पन्नास मिनिटं झगडले. रनर शेवटपर्यंत अडखळतच होता, तरी काकूंनी ऐंशी दिले आणि बाबांना नमस्कार केला. त्याच वेळी चेनताईनं एका कॉलेजकुमाराची सॅक अर्ध्या मिनिटात करून समोर ठेवली, साठ म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या घामाकडे पाहिलं. "त्या काकांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "ते नीट बघून करतात." चाळीस ठेवून गेला. त्याच्यामागची दोन गिऱ्हाइकं तर दर ऐकूनच वळली. उघड्यावर साठ म्हणायचं म्हणजे जिभेवर दगड ठेवल्यासारखं होत होतं. पडद्यामागून आलं की तोच आकडा किती सोज्वळ वाटायचा.

मंगळवारी मात्र एक तबलेवाला आला, तबल्याच्या खोळीची चेन घेऊन. तिनं दोन चिमटे घेतले, साठ म्हणाली आणि पुढचं ऐकायला मन घट्ट केलं. त्यानं नोट काढली. म्हणाला, बस सुटायला चार मिनिटं आहेत, पाऊण तास लागला असता तर मेलो होतो. आणि धावत गेला. चेनताईनं ती नोट उलटसुलट करून पाहिली. म्हणजे वेळ लागला नाही याचेही पैसे देणारी माणसं असतात. आपण वर्षभर पडद्यामागे कोडी सोडवून अशा किती जणांच्या बसगाड्या चुकवल्या असतील, हे मोजायचं तिनं टाळलं.

संध्याकाळी बाबांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. तिच्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "किती दाबायचं, हे कळतं कसं गं?"

"मोडून."

"तू किती मोडलेस?"

तिनं टेबलाखालचे दोन डबे पायानं पुढे सरकवले. मोडक्या रनरनी ते काठोकाठ भरले होते. बाबांनी त्यातला एक दोन्ही हातांनी उचलून पाहिला. घरी जाताना बागेच्या बाकावर एकाची पिशवी उघडी होती. बाबांनी ती पाहिली आणि आभाळाकडे बघत पुढे चालू लागले.

बुधवारी दुपारी अध्यक्षबाई आल्या, फोटो काढायचा फोन हातात तयार ठेवूनच. एका बाजूला चौदा दप्तरं रचलेली होती, दुसऱ्या बाजूला छप्पन्नांचा ढीग. बाबांनी खरं काय ते सांगितलं. बाई चेनताईकडे वळल्या. बाळा, तुझा हात भराभर चालतो म्हणे, संध्याकाळपर्यंत तूच उरकून टाक ना, मुलं वाट बघताहेत.

चेनताई तंबूंमधून उठली नाही. अजून बारा तंबू होते. पण वाटप पुढच्या आठवड्यात नेलं तर छप्पन्न दप्तरांना नव्या चेनी लावून देईन, ती म्हणाली. जो काही दर होईल त्यातलं निम्मं माझं दान, निम्मं तुमचं.

बाई हसल्या. "अगं, आमची संस्था पैसे देत नाही. प्रेरणा देते."

"आजच्या हॉलचं भाडं?"

"ते द्यावंच लागतं."

"फुलं?"

"आता फुलवाला कसा फुकट देईल? त्याचा धंदा आहे तो."

बोलून झाल्यावर बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. चेनताईच्या जिभेवर चांगले तीन टोमणे आले होते, पण बाईंच्या वाक्यापुढे त्यांतला एकही उभा राहिला नसता. तिनं पुढच्या तंबूची चेन हातात घेतली. उठले ते बाबा. चौदा दप्तरं दोन खेपांत बाईंच्या गाडीत ठेवून आले.

"ही माझ्याकडून," ते म्हणाले. "बाकीच्यांचं ती बोलली तेच."

निदान मुलांकडे तरी बघायचं होतं, असं म्हणून बाईंनी उरलेली छप्पन्नही उचलायला लावली. संध्याकाळी ती जशी होती तशी, शुभेच्छांसह, वाटली गेली. बॅनरवरच्या बाबांच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती. पट्टीचे पैसे बॅनरवाल्यानं वेगळे लावले, असं नंतर कळलं.

गुरुवारी दुपारी चाळिसावा तंबू झाला. तंबूवाल्यानं दहा-बारा तंबूंची दारं खालीवर करून पाहिली. खोट सापडेना. खोट न सापडल्यावर जे उरतं त्यावर त्यानं बोट ठेवलं. आठ दिवस लागतील म्हणाला होतात, तो म्हणाला, चारच दिवसांत झालं की. काम सोपं निघालेलं दिसतंय. मग पैसेही जरा त्या मानानंच घ्या.

रविवारी सोडलेला सुस्कारा असा गुरुवारी परत आला. चेनताईच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, की बरं, द्या तुम्हाला काय द्यायचं ते. उद्या शुक्रवार होता. एवढंसं कमी झालं की जिन्याखाली मोबाइलची कव्हरं लटकणार. तिनं वाक्य गिळलं.

"आठ दिवस मी उगाच म्हणाले होते. माझी चूक," ती म्हणाली. "पण सावकाश करून हवे असतील तर ठेवून जा. पुढच्या गुरुवारी न्या. दर तोच राहील."

त्याची सहल शनिवारी निघत होती. त्यानं आधारासाठी बाबांकडे पाहिलं. वडीलधारे आहात, काका, तुम्हीच सांगा काय ते. बाबांना कुणी 'तुम्हीच सांगा' म्हटलं की ते काय सांगतात, हे चेनताईइतकं कुणाला माहीत होतं.

बाबांनी पट्ट्या बांधलेली बोटं पुढे केली. "मला अजून एक चेन धड जमत नाही," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

तंबूवाल्यानं ठरले होते तेवढे दिले.

गाळा मिळाला. मान वाकवून आत जायची सवय चेनताईला चार दिवसांत झाली. बाबांना झाली नाही, ते रोज एकदा डोकं आपटून मगच स्टुलावर बसतात. काम आता रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं. काही जण अजूनही साठ ऐकून वळतात. बस पकडायची असते ते वळत नाहीत.

वाटलेल्या छप्पन्नांतली काही दप्तरं मुलांच्या आया घेऊन आल्या. नवी चेन, निम्मे पैसे, आणि पुन्हा बिघडली तर हक्कानं भांडायला या, असं ती प्रत्येकीला सांगते. एक तर खरोखरच भांडायला आली, आणि चेनताईला त्या दिवशी का कोण जाणे, फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मात्र एक वेगळंच दप्तर आलं. सात-आठ वर्षांची मुलगी गाळ्यापुढे उभी राहिली, एकटीच, ठसक्यात. रनर चेनीला चावून बसलेला. बाबांची कलाकुसर चेनताईनं लांबूनच ओळखली.

"त्या आजोबांनी सांगितलंय," मुलगी बोट दाखवत म्हणाली. "बिघडलं तर जिन्याखाली या म्हणून."

बुधवारच्या त्या कार्यक्रमात, म्हणजे गाळा हातात यायच्याही आधी, मंचावर खुर्ची नसलेले बाबा शेवटच्या रांगेतून उठून हे जाहीर करून आले होते. घरी बोलले नव्हते. चेनताईनं रनर सोडवला, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. दप्तर मुलीच्या हातात दिलं आणि बाबांकडे वळून म्हणाली, "साठ."

बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"घरच्यांना काही कमी?"

"नाही."

बाबांनी पाकीट काढलं. साठ टेबलावर ठेवले, सारखे केले. अशी आणखी तेरा दप्तरं गावात हिंडत होती. मुलीनं चेन कानाशी नेऊन सर्रकन ओढली, परत ओढली, आणि खूश होऊन तिसऱ्यांदा ओढणार तोच बाबा स्टुलावरून अर्धवट उठले.

"हळू, बाळा," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "आणि तुझ्या मैत्रिणींनाही सांग, हळू ओढायची."